जोडीची धाव : उंडवडी ते सराटी

तुकोबांची पालखी रोटी घाट चढून उंडवडीच्या माळावर आली, की ती आमच्या मुलखात आली. तिथून बारामती, काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी, इंदापूर आणि शेवटी नीरेकाठचं सराटी. सराटीला नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि अकलूज लागतं. देहू ते पंढरपूर या अडीचशे किलोमीटरांच्या आसपासच्या वाटेतला हा पट्टा वारकऱ्यांना चालायला लावतोच, शिवाय धावायला लावतो, उड्या मारायला लावतो आणि नदीत उतरायला लावतो. यातलं बरंचसं जोडीनं होतं.

मी शाळेत खेळ शिकवते. माझं माहेर बारामतीतलं, सासर सणसरजवळ नीरा डाव्या कालव्याच्या काठावरच्या वस्तीवरचं. पालखीवर मराठीत पुष्कळ आणि फार चांगलं लिहिलं गेलंय. पण इरावती कर्वे आणि दि. बा. मोकाशी हे दोघेही ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर, सासवड-फलटणच्या वाटेनं चालले. बारामती-इंदापूरची वाट त्यांच्या पानांवर आलीच नाही. आणि जे लिहिलं गेलं त्यात अभंग आहेत, भक्ती आहे, माणसांची सुखदुःखं आहेत. धाव मात्र कडेला राहिली. कोण धावतं, कोणत्या क्रमानं, डोक्यावर काय घेऊन आणि कुणाच्या सोबतीनं, हा इतिहास आहे आणि तो आमच्या गावांच्या मैदानांवर घडलेला आहे.

तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. वडिलांच्या पादुका घेऊन ते देहूहून आळंदीला जात, ज्ञानदेवांच्या पादुका त्याच पालखीत ठेवत आणि दोघांना घेऊन पंढरीची वाट धरत. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा गजर त्या एका पालखीतला. सोहळा सुरू झाला तोच मुळात दोघांना सोबत नेण्यासाठी. काळही कसा होता? त्याच साली मोगलांनी विजापूरला वेढा घातला होता, औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून होता आणि संभाजी महाराज चहूकडून लढत होते. भीमा-नीरेच्या खोऱ्यातून फौजा जात-येत होत्या. अशा दिवसांत दिंडी घेऊन निघायचं तर माणसानं माणसाला धरूनच चालावं लागलं असणार. वारीत एकट्याला जागा नसते असं जुने वारकरी आजही म्हणतात, त्याचं मूळ मला तिथं दिसतं.

पुढं जवळजवळ दीडशे वर्षं दोन्ही संत एका पालखीतून गेले. १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी माउलींची पालखी वेगळी काढली. हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेले. त्यांना बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. चोपदाराच्या दंडाचा धाक, निघण्यासाठी कर्ण्याचा इशारा, दिंड्यांचा ठरलेला क्रम, पताकांची आघाडी आणि बरोबर चालणारे अश्व, या सगळ्यावर फौजेची छाप आहे. मुलांना कवायत शिकवणाऱ्या माणसाला ती चटकन ओळखू येते. तुकोबांची वाट तेव्हापासून निराळी झाली, ती आमच्या कोरड्या पठारावरची. त्याच पठारावर, इंदापूर तालुक्यात, इंग्रजांनी १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या नव्या पद्धतीची जमीन-मोजणी पहिल्यांदा केली. रयत सारा भरून मोडली होती आणि गावं ओस पडत होती म्हणून. ज्या मुलखात पिकाचा भरवसा नव्हता, त्या मुलखातून दर आषाढात हजारो पोटं पुढं सरकत राहिली आणि त्यांना भाकरी मिळत राहिली. याचं मला अजून नवल वाटतं.

घोडा तर आमच्या मातीतलाच. बारामती पूर्वी भीमथडी तालुक्यात मोडत असे, आणि भीमथडीची तट्टं हा मराठी फौजांचा आधार होता. अंगानं लहान, खुरानं कणखर, थोड्या चाऱ्यावर दिवसभर चालणारी. फौजा संपल्या तरी धनगरांनी ती सांभाळली. मेंढरांमागं रानोमाळ हिंडताना बिऱ्हाड त्यांच्याच पाठीवर असतं. अलीकडं भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली तेव्हा आमच्या शाळेत मी ती बातमी फळ्यावर लिहिली होती. पालखीपुढं चालणारे आजचे उंच, देखणे घोडे वेगळे आहेत. पण रिंगणात, म्हणजे पालखीभोवतीच्या गोल धावेत, घोडा धावू लागला की या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत जे उतरतं, ते एका दिवसाचं नसतं.

पालखीबरोबर अश्व दोन असतात. एकावर स्वार बसतो आणि त्याच्या हातात पताका असते. दुसऱ्याची पाठ मोकळी. त्यावर कुणी बसायचं नाही, कारण तो महाराजांचा. तुकोबा त्यावर आहेत अशी श्रद्धा आहे. ही जोडी सगळी वाट एकत्र चालते आणि रिंगणात एकत्र धावते.

तुकोबांच्या सोहळ्यातलं पहिलं गोल रिंगण बेलवाडीला होतं. सणसरहून सकाळी पालखी निघते आणि बेलवाडीच्या मैदानावर येते. मैदान आधीच स्वच्छ केलेलं, धावपट्टी आखलेली. पालखी मध्यभागी नेतात. दिंड्या तिच्याभोवती बसतात, उभ्या राहतात आणि पलीकडं लोकांचा गराडा. मधली वाट तेवढी मोकळी, तिच्यावर चोपदारांची नजर. आधी पताकावाले धावतात. खांद्यावर भगवी पताका, धोतराचा काचा, अनवाणी किंवा साध्या चपला. त्यांच्यामागं डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. मग विणेकरी, मग टाळकरी आणि पखवाजवाले. पखवाज गळ्यात अडकवून धावणं किती अवघड आहे हे ज्यानं केलंय त्यालाच कळावं. दोन्ही हात वाद्यावर असतात, तोल सांभाळायला उरतं फक्त कंबर आणि पाऊल.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते तुळशीवाल्या बायांबद्दल. आमच्या जिल्ह्यात बायकांची धावण्याची स्पर्धा केव्हा सुरू झाली असं विचारलं, तर लोक शाळा-कॉलेजांची नावं घेतात. पण बेलवाडी आणि इंदापूरच्या मैदानांवर नऊवारीतल्या, चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या बाया भर लोकांत, डोक्यावर ओझं घेऊन, पूर्ण फेरी धावत आलेल्या आहेत. घरी सासऱ्यासमोर पदर ढळू न देणारी बाई इथं गावासमोर धावते आणि गाव तिला हात जोडतो. खेळाच्या इतिहासात याची नोंद कुठंच नाही, आणि ती व्हायला हवी असं मी अगदी ठामपणे म्हणते.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, अशाच धावलेल्या. मामा, म्हणजे सासरे, टाळकरी, त्या तुळशीवाल्या, दोघं एकाच दिंडीतले. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या आषाढात त्यांनी मला धावण्याचं तंत्र शिकवलं. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेल्या मला ते तंत्र कुठल्याच पुस्तकात भेटलं नव्हतं.

“मान ताठ धर, नजर म्होरच्या बाईच्या टाचंवर,” त्या म्हणाल्या. “पाऊल उचलून टाकायचं न्हाई, घासत न्यायचं. म्हंजी तुळस हालत न्हाई.”

“आणि दम लागला तर, आत्या?”

“त्यो लागू द्यायचा न्हाई. शेजारची श्वास कसा घेती तिकडं ध्यान ठेव. दोघींनी मिळून घ्यायचा.”

शेजारणीच्या श्वासावर आपला श्वास लावायचा, हे मी नंतर माझ्या पोरींना लांब पल्ल्याच्या धावण्यात शिकवलं. दोघी बरोबर धावल्या की सुरुवातीला उगाच वेग वाढत नाही आणि शेवटी पाय ओढत नाहीत. आत्यांच्या जोडीला वर्षानुवर्षं लासुर्ण्याची एक बाई असे. वर्षभर दोघींची गाठ पडायची नाही. फोन नव्हते तेव्हा तर निरोपही नाही. सणसरच्या मुक्कामात एकमेकींना शोधायचं आणि दुसऱ्या दिवशी शेजारी उभं राहायचं.

माणसांच्या फेऱ्या झाल्या की मैदान एकदम मोकळं होतं. अश्वांना आधी वाट दाखवतात, लगाम धरून फिरवतात. मग सोडतात. स्वाराचा अश्व पुढं निघतो, मोकळा अश्व त्याच्यामागं. पाठीवर कुणी नाही, लगाम ओढणारा कुणी नाही, टाच मारणारा कुणी नाही, तरी तो त्याच वाटेनं धावतो. कारण त्याच्या पुढं त्याचा जोडीदार आहे. फेरी रंगात आली की मोकळा अश्व वेग घेतो आणि पुढच्याला गाठतो, कधी मागं टाकतो. त्या क्षणी जो नाद उठतो तो बेलवाडीच्या बाहेर वाड्यावस्त्यांवर ऐकू जातो. टापांखालची माती कपाळाला लावायला लोक धावतात.

खेळाची शिक्षिका म्हणून मी ही धाव पुष्कळदा पाहिली आणि दर वेळी मला एकच गोष्ट विलक्षण वाटली. इथं पुढं गेलेला जिंकत नाही. स्वाराचा अश्व मागं पडला म्हणून त्याला कुणी हरलेला म्हणत नाही. दोघांनी फेरी पुरी केली की रिंगण लागलं. लांब पल्ल्याच्या जोडीच्या शर्यतीचं सगळं मर्म त्यात आहे: वाट दाखवणारा एक, मोकळ्या अंगानं धावणारा एक, आणि हिशेब दोघांचा मिळून.

रिंगणानंतर उड्यांचा खेळ होतो. टाळ-पखवाजाच्या ठेक्यावर सगळे एकदम उडतात, खाली बसतात, लवतात, पुन्हा उठतात. फुगड्या होतात, हुतूतू होतो, खांद्यावर खांदे देऊन मनोरे उभे राहतात. लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी, बारामती, सणसर असे मुक्काम करत आलेली, रोज पहाटे उठून चालणारी माणसं हे करतात. फुगडीला तर दोघंच लागतात, आणि समोरचा कोण आहे ते पाहायचं नसतं. फौजदार आणि शेतमजूर हात धरून फिरताना मी पाहिलेत.

काटेवाडीचं वेगळं. तिथं परीट समाज पालखीपुढं धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढपाळ आपल्या मेंढ्या पालखीभोवती धावत फिरवतात. मेंढरांवर रोगराई येऊ नये ही त्यामागची भावना. माणसं आणि घोड्यांआधी, बेलवाडीच्या एक दिवस अगोदर, या पट्ट्यात पहिली फेरी मेंढ्यांची असते.

पालखीच्या रथाला बैलजोडी असते. तिचा मान मिळावा म्हणून शेतकरी अर्ज करतात, निवड होते आणि मग महिनोन्‌महिने बैलांना चालवून, ओढायला लावून तयार करतात. एक बैल कितीही ताकदीचा असला तरी उपयोग नाही; दोघांची चाल जुळली पाहिजे. रोटी घाटात रथाला जादा जोड्या लावतात, तेव्हा हे उघड दिसतं. पहिल्या जोडीनं ओढ घेतली आणि मागची अडली तर जू मानेला लागतं. म्हणून घाटात गाडीवान बैलांशी बोलत असतो, त्यांचा आवाजानंच मेळ घालतो.

सराटीला नीरेवर तुकोबांच्या पादुकांना स्नान घालतात. वारकरीही नदीत उतरतात. आषाढात वीर धरणातून पाणी सोडलेलं असलं तर नीरा दोन्ही तटांना लागते आणि पाऊल जपून टाकावं लागतं. नवखा माणूस एकटा उतरला तर जुने वारकरी ओरडतात आणि कुणाचा तरी हात त्याच्या हातात देतात. आमच्याकडं पोहायला शिकतातही तसंच. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला, १८७६-७७ च्या दुष्काळानंतर. तेव्हापासून बारामती-इंदापूरची पोरं कालव्यात पोहायला शिकली. पाठीला वाळलेला भोपळा आणि शेजारी मोठा भाऊ.

आमच्या ह्यांचं पोहणं या कालव्यातलंच. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी कोल्हापूरकडं एका ट्रायथलॉनमध्ये जोडीनं भाग घेतला. पोहणं आणि धावणं त्यांच्याकडं, सायकल माझ्याकडं. पाण्यातून धावत येऊन त्यांनी आपल्या घोट्यावरची वेळ मोजणारी चिप काढली आणि माझ्या घोट्याला बांधली, तेव्हा मला दिंडीतला विणा आठवला. विणा खाली ठेवायचा नसतो. सप्ताहात रात्रंदिवस विण्याचा पहारा असतो. एक थकला की दुसऱ्याच्या गळ्यात जातो, देताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वाटेतही विणेकऱ्याला थांबावं लागलं तर विणा सोबत्याकडं. माणसं विसावा घेतात, विणा घेत नाही. त्या दिवशी सायकलवर बसण्याआधी मी वाकून ह्यांच्या पायाला हात लावला आणि तेही वाकले. आजूबाजूच्यांना काय वाटलं असेल ते असो.

जगात ट्रायथलॉनच्या खेळाला फार जुना इतिहास नाही. आयर्नमॅन ही शर्यत १९७८ मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर सुरू झाली, आणि ती कल्पना जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या नवरा-बायकोची. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, त्यावर पूर्ण मॅरेथॉन, आणि हे सगळं एकट्यानं. जोडीची सक्ती असलेली शर्यत आली ती स्वीडनमध्ये. तिथं २००६ पासून बेटाबेटांमधून पळत आणि पोहत जाण्याची शर्यत होते, दोघांनी एकमेकांना सोडून लांब जायचं नसतं आणि वेळ धरली जाते ती दोघं पोहोचल्यावर. आपल्याकडचं जोडीचं मोठं उदाहरण नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांचं. २०१५ मध्ये त्यांनी दोघांच्या गटात ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. एक सायकलवर, दुसरा विश्रांतीला, आणि चाक रात्रंदिवस चालू. ती बातमी मी आत्यांना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “म्हंजी पहारा दिला की दोघांनी.” त्यांना सगळं कळलं होतं.

आमच्या बारामतीची लता करे हे नाव आता सगळ्यांना ठाऊक आहे. साठी ओलांडलेल्या या बाई बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि आपल्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते. पुढं त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ हा चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. वर्तमानपत्रांनी तेव्हा आश्चर्य व्यक्त केलं की नऊवारीतली बाई अशी धावते कशी. बेलवाडीचं रिंगण पाहिलेल्या कुणाला ते आश्चर्य वाटलं नसेल. त्या एकट्या धावल्या असं लोक म्हणतात; मला तीही जोडीचीच धाव वाटते.

२०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळं पायी वारी झाली नाही, पादुका एसटीच्या बसमधून पंढरपूरला गेल्या. बेलवाडीचं मैदान दोन आषाढ रिकामं राहिलं. आत्या आणि लासुर्ण्याची ती बाई, दोघी त्या वेळी पहिल्यांदा फोनवर बोलल्या. २०२२ ला वारी पुन्हा सुरू झाली तोवर आत्यांचे गुडघे गेले होते. त्यांची तुळस आता माझ्या डोक्यावर आहे, आणि लासुर्ण्याच्या बाईची तिच्या सुनेच्या.

पाटस, बारामती, इंदापूर, तोंडले-बोंडले असा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग आता चौपदरी राष्ट्रीय महामार्ग होतो आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. चालणाऱ्यांसाठी कडेनं वेगळी वाट आहे. ते चांगलंच आहे. वाहनांच्या गर्दीत दिंडी रस्त्याच्या कडेला ढकलली जाताना जीव टांगणीला लागायचा. मला काळजी आहे ती वाटेवरच्या झाडांची. जुन्या रस्त्याच्या वडाखाली विसावे ठरलेले असत, कोणत्या झाडाखाली कोणती दिंडी थांबते हे गावांना ठाऊक होतं. लावलेली झाडं वाढायला वेळ लागेल, तोवर त्या विसाव्यांची ठिकाणं तरी कुणी लिहून ठेवावीत.

आम्ही शाळेत तसं काम सुरू केलंय. आठवी-नववीच्या मुली वह्या घेऊन रिंगणात धावलेल्या बायांकडं जातात आणि ठरलेले प्रश्न विचारतात. पहिल्यांदा कुठल्या साली धावलात, तुळस कुणाकडून आली, वृंदावन पितळेचं की कसलं, शेजारी कोण धावायचं. सणसरची वही भरली, लासुर्ण्याची चालू आहे. बहुतेक बायांना स्वतःचं पहिलं साल आठवत नाही. दुष्काळाचं, पानशेत धरण फुटल्याचं, थोरल्याच्या जन्माचं अशी खूण सांगून त्या अंदाज देतात. शेजारी कोण होतं ते मात्र सगळ्यांना नावागावासकट आठवतं, आणि मुली ती दोन्ही नावं एका ओळीत लिहितात.